उत्तर आणि मर्यादा

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



काशीचा दशाश्वमेध घाट मराठी माणसाला परका नाही. पेशवे बाळाजी बाजीराव यांनी तो १७४८ मध्ये बांधविला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्बांधणी केली. रोज सायंकाळी तेथे गंगेची आरती होते. ती पाहण्यासाठी पायऱ्यांवर जशी दाटी होते, तशीच पाण्यावरच्या नौकांतही होते. एका नौकेत किती माणसे बसवावीत, हा प्रश्न नावाड्याचा आणि यात्रेकरूचा आहे. तितकाच तो शाळेतील बीजगणिताच्या तासाचाही आहे.

समजा, एका शाळेची सहल या घाटावर आली. विद्यार्थी ४७ आणि शिक्षक ४, असे एकूण ५१ जण. एका नौकेत नावाड्याखेरीज फार तर १२ जणांना बसता येते. मग नौका किती लागतील? ५१ ला १२ ने भागले की ४.२५ येतात. हे उत्तर पूर्णांकात लिहिताना हात सवयीने ४ लिहितो, कारण पाव हा अर्ध्याहून कमी. परंतु चार नौकांत ४८ जणच मावतात. उरलेल्या तिघांचे काय? ‘बसतील कुठेतरी दाटीवाटीने’, असे उत्तर वहीत कोणी लिहीत नाही. घाटावर मात्र ते सहज दिले जाते. दुर्घटनेचे बीज त्याच उत्तरात असते.

समीकरण ‘बरोबर इतके’ असे सांगते. व्यवहाराची भाषा मात्र बहुधा वेगळी असते: निदान इतके, फार तर इतके, याहून कमी नको, त्याहून जास्त नको. या शब्दांना बीजगणितात असमानता म्हणतात. नौकांची संख्या क्ष मानली, तर १२ × क्ष ≥ ५१, म्हणजे क्ष ≥ ४.२५. नौका पूर्णच घ्यावी लागते. म्हणून निदान ५.

आता खर्चाकडे पाहू. एका नौकेचे भाडे ८०० रुपये आणि सहलीच्या निधीत त्यासाठी ४५०० रुपये आहेत, असे धरले, तर ८०० × क्ष ≤ ४५००, म्हणजे क्ष ≤ ५.६२५. येथे तीच सवय ६ लिहायला सांगते, पण थैली पाचांवर थांबते. आधी जी सवय कमी पडली, तीच येथे जास्त होते. आकडा वर न्यायचा की खाली आणायचा, हे दशांश चिन्हापुढचा अंक ठरवीत नाही. प्रश्नातील मर्यादा ठरविते. दोन्ही अटी एकत्र मांडल्या की उत्तर एकच उरते: ५.

तथापि, एक अट उदाहरणात लिहिलेलीच नाही. प्रत्येक नौकेत निदान एक शिक्षक हवा. शिक्षक चारच असल्याने क्ष ≤ ४. निदान पाच आणि फार तर चार, अशी संख्याच नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला वाटते, आपले गणित चुकले. ते चुकलेले नसते. ‘या अटींत हे जमणार नाही’ हेही गणिताचे उत्तरच असते. मग विचार करायचा तो कोणती अट बदलता येईल याचा. बारांची मर्यादा पाण्याने घातलेली आहे. तेथे घासाघीस चालत नाही. शिक्षकांची संख्या मात्र माणसाच्या हाती आहे. आणखी एक शिक्षक सोबत आला, तर एकूण ५२ जण पाच नौकांत बसतात आणि खर्च ४००० रुपये होतो. ते शक्य नसेल, तर आरती पायऱ्यांवरून पाहावी. ती तेथूनही तितकीच सुंदर दिसते.

हा विवेक नवा नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. तर एकूण वानरे किती? समीकरणाची उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. भास्कराचार्यांनी दुसरे नाकारले, कारण पाचाच्या पाचव्या भागातून, म्हणजे एकातून, तीन वजा होत नाहीत. येथे कळप निदान १५ चा हवा, ही न लिहिलेली असमानताच होय. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ यांची आजची चिन्हे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम आली; विचार त्याच्या कितीतरी आधीचा. पुढे एकोणिसाव्या शतकात पुण्यात जन्मलेल्या बापूदेवशास्त्र्यांनी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केले, भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ संपादित केला आणि हिंदीतून बीजगणितावर पुस्तकही लिहिले.

पालकांना एकच विनंती. मुलाने उदाहरण सोडविल्यावर ‘उत्तर काय आले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हे उत्तर चालेल का?’ असेही विचारावे. उद्वाहनाच्या दारावरील आकडा, कार्यालयातील पंगतीची पाने, महिन्याचा किराणा, दुचाकीवर बसू पाहणारा तिसरा मित्र, अशी उदाहरणे घरोघरी आहेत. बारांच्या नौकेत तेरावा चढू लागला असता ‘थांबा, दुसरी नौका घेऊ’ असे निर्भयपणे म्हणणारा विद्यार्थी घडला, तर बीजगणिताचा तास सार्थकी लागला असे समजावे.