जखमांसकट उठलेला प्रभू
(लोहारा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



येशू ख्रिस्त मेला, त्याला पुरले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हे मी लहानपणापासून उपासनेत म्हणत आलो आहे. इतक्या वेळा उच्चारलेले वाक्य जिभेला गुळगुळीत होते. मग ईस्टर येतो, पहाटेची उपासना होते, शुभेच्छा दिल्या-घेतल्या जातात आणि सण पार पडतो. त्या वाक्यात दडलेले नवल आज आपल्यापुढे पुन्हा उलगडायचे आहे. ते लोहाऱ्यात उलगडावे, याला कारणही आहे.

मेलेला जीव उठल्याची कथा या जिल्ह्याला परकी नाही. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना विठ्ठलनामात असे रंगले की, पायाखाली आलेले लेकरू त्यांना कळले नाही. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते लेकरू रांगत आईकडे आले, असे आपण ऐकत आलो आहोत. शुभवर्तमानातही याईराची मुलगी उठते, नाईन गावच्या विधवेचा मुलगा उठतो, बेथानीचा लाजर कबरीतून बाहेर येतो. या सगळ्यांना आपले पूर्वीचे आयुष्य परत मिळाले. पुढे कधीतरी मरण होतेच.

येशूविषयीची साक्ष याहून वेगळी आहे. तो मरणातून मागे फिरला नाही, पलीकडे निघाला. त्या काळच्या यहुद्यांत सदूकी पुनरुत्थान मानत नसत, तर परूशी मानत. पण युगाच्या अंती सगळे मेलेले एकत्र उठतील, अशी परूश्यांची आशा होती. इतिहास चालू असताना, रोमी सत्तेने वधस्तंभावर मारलेला एकच माणूस उठेल, याची अपेक्षा कोणीच केली नव्हती. म्हणून शिष्य आधी गोंधळले आणि घाबरले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर कबरीवर गेलेल्या बायका भिऊन पळाल्या, इथेच लेखन थांबते. त्या भीतीतच या घटनेचे वजन कळते.

आणि पहिली बातमी कोणाच्या तोंडी आली? बायकांच्या. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लूक सांगतो की, प्रेषितांनाही त्यांचे बोलणे बाष्फळ वाटले. गोष्ट रचायची असती, तर कोणी असे साक्षीदार निवडले नसते. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया रडत उभी आहे. समोर येशू असून तिला तो माळी वाटतो. तो फक्त तिचे नाव घेतो आणि तिला ओळख पटते.

उठलेल्या प्रभूच्या अंगावरच्या जखमा मात्र गेलेल्या नाहीत. थोमाला तो हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो. मरणावर जय मिळवलेल्या देहावर मरणाच्या खुणा कशाला? मला यातच सगळ्यात मोठे नवल वाटते. देवाने त्या दुःखाचा मागमूस पुसला नाही. ते आपल्या गौरवात सामावून घेतले. आपल्याकडे देहाला जुने वस्त्र मानणारी थोर परंपरा आहे आणि तिने कितीजणांना धीर दिला आहे. ख्रिस्ती श्रद्धा मात्र देहालाच आशा देते. उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो.

श्रोतेहो, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी या मातीत काय झाले, हे तुम्हाला सांगणारा मी कोण? सास्तूर आपल्याच तालुक्यातले. भूकंपात हजारो माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे उभी राहिली, शाळा भरू लागल्या, आणि ते मोठेच काम होते. पण नव्या घराने गेलेले लेकरू परत येत नाही, आणि ज्याचे लेकरू गेले, त्याला हे समजवावे लागत नाही. अशा जागी ‘झाले ते विसरा’ म्हणणारा धर्म मला उपयोगाचा वाटत नाही. पुनरुत्थानाची श्रद्धा विसरायला सांगत नाही. गेलेला प्रत्येकजण देवाला नावानिशी ठाऊक आहे आणि तोच माणूस पुन्हा उभा राहील, असे ती म्हणते.

तो कसा उभा राहील? पौलाने इ.स. 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिताना पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला. ज्वारी पेरणाऱ्यांना तो सहज पटेल: दाणा आणि ताट यांचे रूप एक नसते, तरी ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच उगवते.

हे नवल मराठीलाही जुने आहे. पुराणे ऐकत वाढलेल्या माणसांसाठी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे 11,000 ओव्यांचा तो ग्रंथ 1616 मध्ये गोव्यात छापला गेला. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. याच फादरांनी हरित वसईच्या चळवळीत वसईच्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी लढा दिला. त्यांचे धर्मगुरूपण आणि तो लढा मला वेगळे काढता येत नाहीत. देह आणि माती देवाला टाकाऊ वाटत नसतील, तर ती आपल्याला टाकाऊ कशी वाटावी?

श्रोतेहो, तुमची श्रद्धा वेगळी असेल; ती बदलावी, असे मी सांगायला आलो नाही. माझ्या श्रद्धेने माझ्यावर टाकलेली जबाबदारी तेवढी सांगतो. मरणापाशी सगळे संपते, असे मी मानत नाही. म्हणून कोणाचेही दुःख जुने झाले असे म्हणायचा मला अधिकार नाही. आजाऱ्याची शुश्रूषा, भुकेल्याच्या ताटातली भाकरी, गेलेल्याच्या नावाची आठवण, यांतले काहीच वाया जाणार नाही, या भरवशावर ती कामे मला करायची आहेत.