सरपणाचें कुळ

थंडीच्या दिवसांत नागपुरांतील कांहीं घरांना बंबाच्या सरपणाची आठवण अजूनहि होते. वादळानें मोडलेली फांदी, रस्त्याकडेचा ओंडका, जुन्या खोक्याची फळी असें कांहींतरी अंगणांत येऊन पडतें. अशा वेचलेल्या लांकडास पान नसतें, पुष्कळदां सालहि नसते. मग त्याचें कुळ ओळखावें कसें, आणि ओळखून उपयोग काय?

लांकडाची खरी ओळख त्याच्या आडव्या छेदांत असते. धारदार चाकूनें टोकाचा पातळ पापुद्रा काढावा, ती जागा किंचित् ओली करावी आणि साध्या भिंगांतून पाहावी. तेथें तीन खुणा दिसतात : वाढीचीं वलयें, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचीं छिद्रें, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा, म्हणजे किरण.

सागाचीं मोठीं छिद्रें प्रत्येक वलयाच्या आरंभीं ओळीनें बसलेलीं असतात. म्हणून त्याचें वलय स्पष्ट उमटतें. स्पर्श तेलकट, वास चामड्यासारखा. बाभळीचीं छिद्रें सर्वत्र विखुरलेलीं व फिकट कड्यांनीं वेढलेलीं असतात. गाभा तांबूस, वजन भारी, आणि म्हणूनच तिचा निखारा टिकतो. पळस मळकट पांढरा व हलका. तो भुरकन् जळून जातो. जुन्या तेंदूचा गाभा काळाभोर असतो, कारण तो आबनुसाच्याच गोत्रांतला. बिजाचे छिलके पाण्यांत टाकले, तर पाणी पिवळसर होऊन उजेडांत निळी झांक मारतें.

परंतु भिंगाची साक्ष अपुरी असते, हें ध्यानांत ठेवावें. ऐन आणि अर्जुन हे सगोत्र. त्यांच्या छेदांत पुष्कळ साम्य आढळतें. छेदावरून बहुधा गोत्र कळतें. नांव ठरविण्यास साल, वास आणि वजन यांचीहि साक्ष घ्यावी लागते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेंत, जिची स्थापना १९०६ सालीं झाली, लांकडाच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, तो याचसाठीं. अनोळखी तुकडा ओळखीच्या तुकड्याशीं ताडून पाहावा लागतो.

आतां उपयोगाचें. विदर्भाच्या रानांत बिब्बा आहे. त्याचा चीक अंगास लागला, तर फोड उठतात, आणि त्याचा धूरहि बाधक असतो. हा चीक हवेंत काळा पडतो. तेव्हां सालीवर किंवा चिरेवर असे काळे डाग दिसले, तर तें लांकूड उघड्या हातानें हाताळूं नये, जाळूंहि नये. कण्हेर तर आपल्या बागेंतच असते. तिचें सर्वांग विषारी; तिची छाटणी चुलींत किंवा शेकोटींत जातां कामा नये. रंग दिलेल्या फळ्यांनाहि हाच नियम. ज्याचें कुळ कळलें नाहीं, तें घरांत जाळूं नये. लेंकरें धुरांत बसतात, त्यांना निवड करतां येत नाहीं. ती आपण करावयाची.

म्हणून एक सूचना करतों. आपल्या दारचा आंबा, निंब, चिंच यांच्या गळलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे मुलांना कापून द्यावे, वाळवून त्यांवर नांवें लिहवावीं व ते एका पेटींत ठेवावे. नांव ठाऊक असलेल्या झाडापासून आरंभ केला, म्हणजे अनोळखी ओंडक्यास प्रश्न विचारण्याचें धैर्य आपोआप येतें.