पांथस्थाच्या खोलीचे रचनाकार

(नभोवाणीवरील भाषण)



अंतर्गत सजावट म्हटली की पडदे, गालिचे, दिवे आणि रंग एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हॉटेलांच्या अंतर्गत रचनेचे पदव्युत्तर शिक्षण संपवून एखादी मुलगी घरी परतली, की आप्तेष्ट विचारतात, "आता तू लोकांच्या भिंती रंगविणार का?" या प्रश्नात थोडी थट्टा असते, तशी काळजीही असते. ती काळजी अगदीच अनाठायी नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, वय पंचविशीकडे झुकलेले असते आणि पहिल्या नोकरीचे वेतन पदवीच्या मानाने बेताचेच असते. म्हणून या व्यवसायाचे खरे स्वरूप काय, याचा आज थोडा विचार करू.

घर आणि हॉटेल यांत मूलतः भेद आहे. घरधनी आपल्या सवयी सांगू शकतो. हॉटेलात उतरणारा पाहुणा मात्र रचनाकाराला सर्वस्वी अपरिचित असतो. तो अपरात्री थकूनभागून येतो आणि अंधारात दिव्याचे बटण चाचपतो. ते उशाशी हाताला लागले नाही, तर भिंतीवरील मोलाचे चित्र त्याच्या काय उपयोगाचे? खोली झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या सेवकाचेही तसेच. पलंगाभोवती वाट सोडली नसेल, तर त्याची कंबर रोज मोडते. अशा रीतीने पाहुणा, सेवक, मालक आणि हॉटेल चालविणारी कंपनी या चौघांचे समाधान एकाच आराखड्यात साधावे लागते.

या कामाचा आवाका केवढा असू शकतो, याचे उदाहरण कोपनहेगन येथे आहे. १९६० साली तेथे उघडलेल्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी आर्ने याकोबसन या वास्तुविशारदाने इमारत तर रचलीच, पण आतील खुर्च्या आणि दिवेदेखील स्वतः योजिले. अंड्याच्या आकाराची त्याची सुप्रसिद्ध खुर्ची याच हॉटेलासाठी जन्मास आली. तेथील ६०६ क्रमांकाची खोली त्या काळच्या रूपात आजही जपून ठेवली आहे.

परंतु सौंदर्याच्या आड एक गंभीर जबाबदारी उभी असते. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड हॉटेलास आग लागली आणि ८५ माणसे प्राणांस मुकली. आग खालच्या मजल्यावर होती. पण बहुतेकांचा बळी धुराने घेतला आणि तोही वरच्या मजल्यांवर. आतील ज्वालाग्राही सामानसुमानाने ती आग वेगाने फैलावली होती. तेव्हा कोणते कापड निवडावे, छताला काय लावावे, जिन्याच्या दाराशी शोभेची कुंडी ठेवावी की नाही, हे प्रश्न केवळ अभिरुचीचे नव्हेत. परक्या इमारतीत निर्धास्त झोपलेल्या माणसाने आपला जीव रचनाकाराच्या हाती दिलेला असतो.

मग पदवी मिळविल्यावर तरुणांनी काय करावे? पहिली दोन-तीन वर्षे अनुभवी संस्थेत उमेदवारी करावी, हे उत्तम. संगणकावर सुबक चित्र काढता येणे ही सुरुवात झाली. पुढची विद्या सुताराच्या कारखान्यात आणि प्रत्यक्ष बांधकामावर मिळते. मापे स्वतः घ्यावीत, लाकडाचा सांधा हाताने तपासून पाहावा, सामानाची परिमाणे आणि दर यांची यादी करण्यास शिकावे. मोठ्या हॉटेलात सर्व खोल्या सजविण्यापूर्वी नमुन्याची एक खोली संपूर्ण तयार करतात. त्या खोलीत उभे राहून तज्ज्ञ काय दोष काढतात, ते टिपून घ्यावे. एका खोलीतील ५०० रुपयांची चूक २०० खोल्यांत १ लाखाची होते, हे गणित महाविद्यालयात क्वचितच अंगी भिनते. कोकण-गोव्याकडे काम करणाऱ्याने तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनाच आपले परीक्षक मानावे. चित्रात चकाकणारी लोखंडी बिजागरी तेथे गंजून जाते.

उशीर झाला म्हणून खचण्याचेही कारण नाही. श्रीलंकेचे जेफ्री बावा प्रथम वकील होते. वास्तुविद्येची परीक्षा ते १९५७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी उभारलेल्या बेंतोटा येथील हॉटेलाच्या प्रवेशदालनाचे छत एना डी सिल्वा यांच्या बातिक कापडांनी नटले. आपल्या सिकंदराबादेत जन्मलेले चार्ल्स कोरिया अमेरिकेतून १९५५ साली पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि पुढे त्यांनी गोव्यात 'सिदाद द गोवा' हे हॉटेल रचले. त्याच्या भिंतींवर खिडक्या आणि माणसे अशी रंगविली, की खरे कोणते आणि आभास कोणता, असा पाहणाऱ्यास संभ्रम पडावा. दोघेही परदेशी शिकले. पण परदेशाची नक्कल त्यांनी आपल्या मातीवर लादली नाही.

आपल्याकडे शिंपल्यांच्या खिडक्या आहेत, जांभा दगड आहे, सावंतवाडीचे लाकूडकाम आहे, हैदराबादेजवळ बिदरी काम आहे. हे कारागीर ज्याला नावानिशी ठाऊक आहेत आणि जो त्यांचे दाम वेळेवर चुकविण्याची दक्षता घेतो, त्या तरुणाला कामाची वाण सहसा पडत नाही.

सारांश, आईबापांनी या वाटेला श्रीमंतांचा छंद समजू नये आणि मुलांनीही तिला केवळ कलाविलास मानू नये. अतिथीला देव मानणारा आपला समाज आहे. त्या अतिथीची रात्र सुखाची आणि सुरक्षित करणे, हे सचोटीने केले तर आयुष्यभर पुरेल असे काम आहे.