विषाणू दोन, रुग्ण एक
(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सभेतील मनोगत)



प्रशासन विभागातील आम्हा मंडळींचे शिक्षण वाणिज्य शाखेचे; औषधोपचारावर भाष्य करण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि एका विषयात डॉक्टरांइतकीच जबाबदारी कार्यालयावरही येते, म्हणून हे दोन शब्द.

एचआयव्ही व हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू रक्तातून, लैंगिक संबंधातून व मातेकडून बालकाकडे पसरतात. साहजिकच काही रुग्णांत ते एकत्र आढळतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या अशा रुग्णाच्या यकृताची हानी अधिक वेगाने होते.

सुदैवाने टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन ही औषधे दोन्ही विषाणूंवर गुणकारी आहेत. एचआयव्हीवरील औषधे शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला. आज तेथे सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीत ही दोन्ही औषधे असतात. मात्र गोळी मध्येच बंद झाली, किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे टेनोफोव्हिर बदलताना हिपॅटायटिसची नोंद समोर नसली, तर दबलेला विषाणू पुन्हा उसळतो. कावीळ होऊन यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. एकट्या लॅमिव्हुडिनला हा विषाणू कालांतराने जुमानत नाही.

म्हणजेच एका नोंदीवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात, आणि नोंदी राखणे हे तर आमचेच काम. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार गोष्टी ठेवीत आहोत. प्रत्येक एचआयव्ही बाधित रुग्णाची हिपॅटायटिस बी व सी चाचणी व्हावी. निर्धनांसाठी तिचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून करावा. अहवाल केसपेपरच्या आत ठळकपणे असावा, बाहेर कदापि नसावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे. ज्यांना हिपॅटायटिस बी ची बाधा नाही व पूर्वीचे संरक्षणही नाही, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लस द्यावी. आणि घरी जाणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, त्याच्या संमतीने, ‘डॉक्टरांना विचारल्याविना गोळी थांबवू नये’ ही सूचना मराठीत लिहावी.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे हिपॅटायटिसची औषधेही शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. केंद्रे दोन असली तरी रुग्ण एकच आहे. त्याची माहिती दोन्हीकडे पोहोचावी, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. विश्वस्तांनी त्यास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.