न थकणारा ड्रमर

आज ज्या बँडबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव गॉडफ्लेश. गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, सुरुवात १९८८ ची आणि माणसं मुळात दोनच. जस्टिन ब्रॉडरिक गिटार वाजवतो आणि गातो, बेन ग्रीन बेस वाजवतो. ड्रमरच्या जागी माणूस नाही, एक यंत्र आहे.

हे यंत्र म्हणजे ड्रम मशीन. टेबलावर मावेल एवढा डबा, वर बटणं. कोणता ठोका कधी पडायचा ते आधी भरून ठेवायचं, मग कळ दाबली की ते वाजत राहतं. १९८० च्या दशकात पॉप आणि हिपहॉपवाले हे सर्रास वापरत होते. मेटलवाले मात्र नाक मुरडत. मेटलमध्ये ड्रमर म्हणजे घाम, ताकद, दोन्ही पायांचा वेग. त्याच्या जागी डबा ठेवायचा म्हणजे काय?

गंमत अशी की हा डबा आणणारा ब्रॉडरिक स्वतः ड्रमर होता. ‘हेड ऑफ डेव्हिड’ या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा. त्याआधी, अगदी कोवळ्या वयात, ‘नेपाम डेथ’च्या ‘स्कम’ या १९८७ च्या अल्बमच्या पहिल्या बाजूला त्याची गिटार आहे. तो अल्बम वेगासाठी प्रसिद्ध. त्यातली काही गाणी काही सेकंदांत संपतात. म्हणजे वेग काय असतो आणि ड्रम वाजवताना हात कसे भरून येतात, हे दोन्ही त्याला ठाऊक होतं. गॉडफ्लेश सुरू करताना त्याने वेग सोडला आणि स्वतःची ड्रमची जागा यंत्राला दिली. आज मला सांगायचं आहे ते एवढंच: हा निर्णय म्हणजे सोय नव्हती, त्यांच्या संगीताचा अर्थच त्यात आहे.

आधी गाव समजून घेऊ. बर्मिंगहॅम हे लोखंड, पत्रा आणि मोटारींचं शहर. हेवी मेटलचा जन्मही इथलाच. ‘ब्लॅक सबाथ’चा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायची तीच बोटं. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. त्यातून तो खोल, जड आवाज आला. म्हणजे मेटलच्या जन्मकथेतच यंत्र आणि माणसाचा हात समोरासमोर उभे आहेत.

ब्रॉडरिक त्याच शहरात १९६९ मध्ये जन्मला. तो वाढत होता तेव्हा कारखाने माणसं कमी करत होते, काही बंद पडत होते. १९८० च्या सुरुवातीच्या मंदीने या भागाचं कंबरडं मोडलं. गॉडफ्लेशच्या संगीतात कारखान्याची आठवण आहे, पण तिचा अभिमान नाही.

आता आवाजाकडे येऊ. १९८९ मध्ये नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीने त्यांचा ‘स्ट्रीटक्लीनर’ हा अल्बम काढला. पहिलं गाणं ‘लाइक रॅट्स’. ऐकताना एकेक थर वेगळा करून बघा. तळाशी यंत्राचा ठेका, संथ आणि कोरडा. त्यावर ग्रीनचा बेस, इतका करकरीत की गाण्याचा भार तोच उचलतो. बहुतेक बँडमध्ये बेस मागे असतो, इथे तो पुढे आहे. म्हणून गिटार मोकळी राहते. ती किंचाळते, घासते, लांबवर रेंगाळते. आणि सगळ्यात वर माणसाचा आवाज. शब्द थोडे, तेच पुन्हा पुन्हा.

तबलजी साथ करतो तेव्हा तो गायकाकडे बघत असतो, हे आपल्याला माहीत आहे. गायक सम गाठायला निघाला की तबलजीला कळतं, तो सावरून घेतो. रॉकचा ड्रमरही तेच करतो. गाणं रंगात आलं की नकळत थोडा पुढे सरकतो. यंत्र कुणाकडे बघत नाही. तुम्ही ओरडा, रडा, थांबा, पुढचा ठोका ठरल्या वेळी ठरल्या जोराने पडणारच. ब्रॉडरिकचा आवाज त्या ठोक्यांवर आदळतो आणि ठोके जागचे हलत नाहीत. ऐकणाऱ्याच्या छातीवर जे दडपण येतं, ते इथून येतं. त्याचं कारण आवाजाची पातळी नाही. आवाज बारीक करून ऐका, दडपण तसंच राहतं.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘मिनिस्ट्री’ हा बँडही यंत्र आणि मेटल एकत्र आणत होता. त्यांचा रस्ता वेगाचा, गॉडफ्लेशचा वजनाचा. आणि या वजनात एक अनपेक्षित गोष्ट मिसळली होती, हिपहॉप. ‘क्राइस्टबेट रायझिंग’ या गाण्याचा ठेका म्हणजे एरिक बी आणि राकिम यांच्या ‘मायक्रोफोन फीन्ड’मधल्या ठेक्याची नक्कल करण्याचा आपला प्रयत्न होता, असं ब्रॉडरिकने स्वतः सांगितलं आहे. म्हणून या संगीतात डोकं आपटण्याबरोबर एक झोकाही आहे. १९९२ च्या ‘प्युअर’मध्ये तो आणखी स्पष्ट ऐकू येतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९६ च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’मध्ये त्यांनी ब्रायन मँटिया हा हाडामांसाचा ड्रमर घेतला. २००१ च्या ‘हिम्स’मध्ये टेड पार्सन्स होता, ‘स्वान्स’ आणि ‘प्राँग’मधून आलेला. दोघेही तयारीचे वादक, आणि या अल्बमांवर प्रेम करणारे लोक आहेत. पण ऐकताना फरक जाणवतो. ड्रमर माणूस असला की तो गायकाच्या बाजूने उभा राहतो. दोघं मिळून भिंतीला धक्का देतात. आधीच्या गॉडफ्लेशमध्ये ड्रम हीच भिंत होती. संगीत चांगलं होतं, पण ते दोन बाजूंचं भांडण उरलं नव्हतं.

मग ग्रीन बाहेर पडला. २००२ मध्ये अमेरिकेचा दौरा तोंडावर आला असताना ब्रॉडरिक मनाने पुरता कोसळला. दौरा रद्द झाला, बँड संपला. चौदा वर्षं ज्या माणसाने न थकणाऱ्या यंत्रासमोर उभं राहून आवाज लावला, तो थकला. यात मला कमीपणा दिसत नाही. त्या संगीतात पहिल्यापासून तेच तर होतं: थकू शकणारा माणूस आणि थकवा ठाऊक नसलेली वस्तू.

‘हिम्स’च्या शेवटच्या गाण्याचं नाव ‘जेसू’. तेच नाव घेऊन ब्रॉडरिकने नवा बँड काढला. तिथेही आवाज जड आहे, पण उबदार. तिथे तो ओरडत नाही, गातो.

२०१० मध्ये फ्रान्सच्या हेलफेस्ट महोत्सवात ब्रॉडरिक आणि ग्रीन पुन्हा एकत्र उभे राहिले. ड्रमरच्या जागी पुन्हा यंत्र. २०१४ मध्ये ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’, २०१७ मध्ये ‘पोस्ट सेल्फ’, २०२३ मध्ये ‘पर्ज’ असे अल्बम आले. यंत्र तेच काम करत होतं, माणसं वयाने वाढली होती.

या बँडने नावाच्या मानाने पैसा कमी पाहिला असेल, पण त्याची सावली लांब आहे. ‘फिअर फॅक्टरी’सारख्या बँडने माणूस आणि यंत्र हा विषय मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत नेला, त्याची वाट इथून जाते. ‘आयसिस’ या अमेरिकन बँडने तर ‘स्ट्रीटक्लीनर’ हे गाणंच आपल्या पद्धतीने वाजवलं.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी ‘लाइक रॅट्स’, मग ‘क्राइस्टबेट रायझिंग’, त्यानंतर ‘हिम्स’मधलं कुठलंही एक, आणि शेवटी २०१४ च्या अल्बममधलं ‘न्यू डार्क एजेस’. पहिल्या वेळी गोंगाट वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या वेळी गिटार आणि ओरडणं सोडून फक्त ठेक्याकडे लक्ष द्या. तो कुणासाठीच थांबत नाही, हे एकदा कानाला कळलं की त्यावरचा माणसाचा आवाज किती एकटा आहे, हेही कळेल.