दहा वर्षांचा शब्द
(गोंदिया येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कॉलेजातल्या मुली मदतीचा डबा घेऊन दारी आल्या की आपण दहा रुपये टाकतो नि दार लावून घेतो. मीही तेच करते.

पंडिता रमाबाई विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेत फिरल्या, तेव्हा तिथे ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलींनीही एक काढले. वर्गणी वर्षाला निदान एक डॉलर. पण शब्द दिला दहा वर्षांचा! १८८७ साली बोस्टनला त्यासाठी संस्था उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे शिकलेल्या गोदूबाई म्हणजेच पुढच्या बाया कर्वे.

आता आपले सांगते. सालेकशाहून गाडीने येणाऱ्या एका मुलीची फी आपण हळदीकुंकवाला जमवली. केवढे कौतुक झाले, फोटोसुद्धा निघाला! दुसऱ्या वर्षी तिची आठवण कुणालाच झाली नाही, मलाही नाही. दिवाळीनंतर कळले, तिने कॉलेज सोडले.

यंदा डबा फिरवणार नाही. ही वही टेबलावर ठेवते. प्रत्येक नावापुढे दहा रकाने आखले आहेत. पहिले नाव माझे आहे. आणि रविवारी सकाळच्या गाडीने मी तिच्या घरी निघाले आहे. बरोबर कोण येते?