सेवेचं मानधन

‘राष्ट्रीय सेवा’ हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे एक तर लष्करी गणवेश येतो, नाही तर कॉलेजातलं एनएसएसचं शिबिर. मी आज बोलणार आहे ते अमेरिकेतल्या एका निवडणुकीबद्दल. तिथे या दोन शब्दांवरून चांगलीच जुंपली होती. साल १९९४, राज्य पेनसिल्व्हेनिया. सिनेटच्या जागेसाठी समोरासमोर उभे होते अडुसष्ट वर्षांचे डेमोक्रॅट हॅरिस वॉफर्ड आणि छत्तीस वर्षांचे रिपब्लिकन रिक सँटोरम.

वॉफर्ड यांचा आपल्या देशाशी जुना ऋणानुबंध. आजीबरोबर जगप्रवासाला निघालेला हा मुलगा भारतात आला आणि गांधी नावाच्या माणसाने त्याला झपाटून टाकलं. स्वातंत्र्यानंतर तो पत्नी क्लेअरसह पुन्हा आला, आणि १९५१ साली दोघांचं ‘इंडिया अफायर’ हे पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याने गांधींच्या मार्गाने जावं, असं मानणाऱ्या सुरुवातीच्या गोऱ्यांपैकी हे एक. पुढे ते मार्टिन ल्यूथर किंग यांचे स्नेही झाले, जॉन केनेडींचे सहायक झाले आणि १९६१ साली सुरू झालेल्या ‘पीस कोअर’च्या उभारणीत राबले. स्वतः इथिओपियात जाऊन त्यांनी तिथलं काम सांभाळलं. १९९१ च्या पोटनिवडणुकीत ते सुरुवातीला चाळीसहून अधिक टक्क्यांनी मागे होते. आरोपीला वकील मिळण्याचा हक्क असेल तर कष्टकऱ्याला डॉक्टर मिळण्याचा का नसावा, या एका सवालावर त्यांनी ती निवडणूक फिरवली.

सिनेटमध्ये ते ज्या योजनेसाठी झगडले तिचं नाव ‘अमेरिकोअर’. क्लिंटन यांनी २१ सप्टेंबर १९९३ रोजी त्या कायद्यावर सही केली. बेत साधा होता. तरुण मुलामुलींनी एक वर्ष द्यायचं. गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवायचं, घरं बांधायची, पूर-वादळानंतर चिखल उपसायचा. पोटापुरतं मानधन मिळायचं, आणि वर्ष पूर्ण केलं की शिक्षणासाठी ४,७२५ डॉलर. पहिली सुमारे वीस हजारांची तुकडी सप्टेंबर १९९४ मध्ये शपथ घेऊन कामाला लागली. निवडणूक होती नोव्हेंबरमध्ये.

सँटोरम यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बागेतला कचरा उचलायचा, शेकोटीभोवती बसून ‘कुंबाया’ गायचं, आणि बिल करदात्याच्या नावावर! लोक हसले. टोला बसणारा होता. (जाता जाता सांगतो, ‘कुंबाया’ म्हणजे काही हिप्पी पोरांचं गाणं नव्हे. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या काळ्या गोरगरिबांनी संकटात देवाला घातलेली ती साद आहे. १९२० च्या दशकापासून तिची ध्वनिमुद्रणं आहेत. एखाद्या प्रार्थनेची टिंगलीची म्हण कशी होते, हा माझ्यासारख्या कवीला कायम सतावणारा प्रश्न. पण तो विषय वेगळा.)

सँटोरम यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकात दोनशे अब्ज डॉलरच्या वर तूट होती. अशा वेळी सरकारने प्रत्येक खर्चाचा जाब द्यावा, ही मागणी रास्तच. दुसरा आक्षेप जास्त खोल होता: पैसे घेतले की ती सेवा कसली? शेजारधर्म चर्चने, मोहल्ल्याने, घराघराने निभवावा. सरकारने त्यात पगारपत्रक आणलं की माणसाची आतली ऊर्मीच मरते. न्यूट गिंग्रिच यांच्यासारखे पुढारीही याच सुरात बोलत होते.

मला यात शब्दांची गंमत दिसते. आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा कारकून ‘सेवेत’ असतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘सेवानिवृत्त’ होतो. माझ्या घरच्या बोलीत ‘खिदमत’ म्हणतात. म्हाताऱ्या आईचे पाय दाबणं हीही खिदमत, आणि बड्या घरचा रोजावरचा नोकर तोही खिदमतगार. भाषेने पैसा आणि सेवा यांत कुंपण घातलेलं नाही. ते आपण घालतो, आणि बहुधा दुसऱ्यासाठी घालतो.

आमच्या कॉलेजात एनएसएसचं दहा दिवसांचं शिबिर असे. खेड्यात जाऊन रस्ता करायचा, बांध घालायचा. वर्गातला एक मुलगा कधीच आला नाही. तो रात्रपाळीला यंत्रमागावर जायचा. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाला, ‘‘अरे, दहा दिवसांची हजेरी बुडाली तर घरात पीठ कोण भरणार?’’ शिबिरात आम्ही जे घाम गाळत होतो, त्या आमच्या घरची चूल आमच्या घामावर पेटत नव्हती. फुकट सेवा करायलाही ऐपत लागते. वॉफर्ड यांच्या योजनेतलं तुटपुंजं मानधन मला म्हणूनच पटतं. त्याने सेवा विकत घेतली जात नाही. यंत्रमागावरच्या पोरालाही शिबिराला येता येतं, इतकंच.

मतदारांना ते पटलं नाही. म्हणजे फक्त याच कारणाने नव्हे, त्या साली देशभर रिपब्लिकन लाट होती. वॉफर्ड अडीच टक्क्यांच्या आसपास मतांनी हरले. १९९५ साली क्लिंटननी त्यांना ‘अमेरिकोअर’ चालवणाऱ्या महामंडळाचंच प्रमुख केलं, आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाने त्या योजनेचा पैसा बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. हा माणूस विरोधकांच्या दारात जाऊन बसला. मिशिगनचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांच्याशी त्यांचं सूत जुळलं. त्यातून फिलाडेल्फियाची १९९७ ची मोठी परिषद उभी राहिली. रॉम्नी मात्र ती पाहायला राहिले नाहीत. योजनेला विरोध केलेले सिनेटर जॉन मॅकेन यांनी २००१ साली आपली चूक झाल्याचं लिहून कबूल केलं. असं लिहिणारे राजकारणी आपल्याकडे, किंवा कुठेही, किती?

आता थोडा हिशेब. या संस्थेचा अलीकडचा वार्षिक खर्च सव्वा अब्ज डॉलरच्या घरात. आकडा ऐकून छाती दडपते. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. म्हणजे शंभर डॉलरमागे जेमतेम दोन सेंट. तूट खरी आहे, पण ती या दोन सेंटांत सापडणार नाही. ती शोधायची तर संरक्षण, पेन्शन, औषधोपचार आणि कर्जावरचं व्याज या दारांवर थाप मारावी लागते, आणि तिथे मतं जातात. शेकोटीभोवतीच्या पोरांवर बोलायला काय लागतं!

वॉफर्ड २१ जानेवारी २०१९ रोजी वारले. तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुटीचा दिवस होता. या सुटीला लोळत न पडता सेवा करावी, असा कायदा त्यांनी आणि जॉन लुईस यांनी १९९४ सालीच करून घेतला होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्प सरकारने खर्चकपातीच्या मोहिमेत ‘अमेरिकोअर’ची जवळजवळ चाळीस कोटी डॉलरची अनुदानं तोडली. वादळग्रस्त भागात राबणाऱ्या तुकड्यांतल्या मुलांना मुदत संपायच्या आत घरी पाठवलं गेलं. दोन डझन राज्यं कोर्टात गेली, आणि जूनमध्ये न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरतं अनुदान पूर्ववत करायला सांगितलं. तोवर शाळांचं वर्ष संपत आलं होतं.